ताईंच्या भाषणाची कॅसेट संगणकात उतरवताना

‘यावेळी महिला कार्यकर्त्यांचीही समयोचित भाषणे झाली.’ वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळताना हे वाक्य किती वेळा भेटतं! त्या समयोचित भाषणांत नेमकं काय होतं, हे बऱ्याचदा फक्त कुणाच्या माळ्यावरच्या कॅसेटला ठाऊक असतं. १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईत लाटणी घेऊन निघालेल्या किंवा १९८६ साली चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला गेलेल्या बायकांचं आता वय झालंय. तेव्हा हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.

कॅसेट शोधायला कार्यकर्तीच्या घरी जालच, पण गावातल्या लाउडस्पीकरवाल्यालाही विचारा. टेप लावून ठेवणारा कधी कधी तोच निघतो.

कॅसेट मिळाली की लगेच वाजवायची नाही. वरच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या टिकल्या असतात, त्या मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी भाषण पुसलं जात नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती जाणकाराकडेच द्या. फीत बरी असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या. कॅसेट डेकचं हेड (फितीला टेकून आवाज वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा.

आता डेकच्या लाइन-आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या खाचेतून, वायर यूएसबी ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात नेणाऱ्या छोट्या डबीला) जोडा आणि संगणकावर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडा. ते फुकट मिळतं. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल, या सेटिंगवर रेकॉर्ड करा. मोनोमध्ये (एकाच चॅनेलमध्ये) तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते. जागा वाचवायला मूळ प्रत एमपी३मध्ये ठेवू नका. आवाजाची पातळी भाषणावर नाही, घोषणांवर ठरवा. बाई शांतपणे बोलत असतात आणि मधेच पाचशे जणी ‘झिंदाबाद’ म्हणतात. तिथे पट्टी लाल झाली की आवाज फाटलाच.

आणि मूळ फाइलमधला गोंगाट काढायचा नाही. माझ्या हातून हे झालंय. एका सभेच्या फितीत मागे सारखी खणखण येत होती. ती काढली, भाषण कसं स्वच्छ झालं! नंतर लक्षात आलं, त्या थाळ्या होत्या, लाटण्यांनी बडवलेल्या. साफसफाई करायचीच तर दुसऱ्या प्रतीवर करा.

खरा वेळ जातो तो नोंदीत. कॅसेटवर नुसतं ‘ताई – सभा’ लिहिलेलं असतं. मग तारीख भाषणातूनच हुडकावी लागते. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा ऐकू आली, तर फीत मार्च १९७७च्या निकालांआधीची असणं कठीण: मृणाल गोरे लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, तेव्हाची ती घोषणा. तेलाचा भाव, मंत्र्याचं नाव, पाऊस लांबल्याची तक्रार, सगळं टिपून ठेवा. खात्री नसेल तर ‘साधारण १९७७’ लिहा, उगाच तारीख बनवू नका. वक्त्याची नोंद ‘सौ. पाटील’ एवढ्यावर सोडू नका. तिचं स्वतःचं नाव, माहेरचं आडनाव, गाव मिळवा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, गाव, आडनाव; फायली आपोआप कालक्रमाने लागतात.

भाषण कागदावर लिहून काढताना बाई ‘पानी’ म्हणाल्या तर ‘पानी’च लिहा. अहिराणी, वऱ्हाडी ‘शुद्ध’ करायला आपण शाळेत बसलेलो नाही. टाळ्या, हशा, पोलिसांची शिट्टी कंसात टाका.

परवानगीचं आधीच बघा. १९५७च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे जाहीर भाषणाचा पहिला हक्क सहसा ते करणाऱ्या व्यक्तीचा असतो, हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे बाईंची, त्या नसतील तर वारसांची लेखी संमती हवी. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा हक्क वेगळा, त्याचीही सही घ्या.

प्रती तीन ठेवा: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, एक इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहासारख्या ठिकाणी. दोन्ही डिस्क एकाच कपाटात नकोत. फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवली म्हणजे जपली असं नव्हे.

सगळं झालं की फाइल घेऊन बाईंकडे जा, त्या असतील तर. त्यांना ऐकवा, आणि त्यांना सांगून आपल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. मागून ओरडणारी ती कोण, हे त्याच सांगतील.