म्यूट करून बघा, डोळे मिटून ऐका

आमच्या घरात टीव्हीवर सगळ्यात पक्की मतं दोघींची असतात, आणि दोघींनाही टीव्ही निम्माच मिळतो. आज्जीला ऐकू कमी येतं. कानातलं मशीन आहे, पण त्याचे बटणाएवढे सेल संपले की नवे आणायला कुणीतरी सोलापूरला जाईपर्यंत ती नुसती चित्रं बघते. आईचं उलट आहे. स्वयंपाकघर भिंतीपलीकडे, त्यामुळे भाकरी थापताना तिच्यापर्यंत नुसता आवाज पोचतो. वीस वर्षं मी या दोघींच्या मध्ये बसून टीव्ही बघतेय. सिनेमा, गाणं, जाहिरात यांतलं मला जे काही कळतं ते या दोघींमुळे, आणि तीच पद्धत इथे सांगतेय. ती जमली की "सगळे भारी म्हणतायत म्हणून भारी" असं म्हणायची वेळ येत नाही.

सामान फार लागत नाही. म्यूटचं बटण चालू असलेला रिमोट, कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान, पेन आणि वाद घालायला एक माणूस. एकट्यानं करू नका, निम्मी मजा जाते. आणि मॅचची शेवटची ओव्हर चालू असताना रिमोटला हात लावू नका. मी एकदा लावला होता. पप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सुरुवात जाहिरातींपासून करा, कारण त्या लहान असतात आणि फुकट मिळतात. ब्रेक लागला की आवाज बंद करा. प्रत्येक जाहिरातीला तीन प्रश्न विचारा: काय विकतायत? काम कोण करतंय? आणि शेवटी हसतंय कोण? उत्तरं कॅलेंडरच्या मागे लिहा. पहिल्याच दिवशी तुम्हाला दिसेल की काम करणारी आणि हसणारी बऱ्याचदा एकच बाई असते, आणि ती काम करायच्या आधीपासूनच हसत असते. आज्जीनं एकदा साबणाची जाहिरात बिनआवाजाची बघून विचारलं, "आगं, ही कापडं धुवायला बसलीय का लग्नाला चाललीय?" मी आयुष्यभर त्या जाहिराती बघत आले होते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, कारण मी गाणं ऐकत होते. गाण्याच्या नादात रेशमी साडी आणि बादली एका चौकटीत खपून जातात.

म्यूटवर पास होणारी जाहिरात बघायची असेल तर फेविकॉलची बसवाली शोधा. खडबडीत रस्ता, आत, टपावर, मागे, बाजूला माणसंच माणसं लोंबकळणारी एक बस, गचके बसतायत आणि पडत कुणीच नाही. शेवटी बसच्या मागे फळ्यावर नाव दिसतं. एकही संवाद नाही. आज्जीला ती मी मोबाईलवर दाखवली, तर म्हणाली, "आपली करमाळ्याची यष्टी हाय ही." तिनं ज्या गाडीतून आयुष्य काढलं ती गाडी तिला त्यात दिसली. माझ्या मते भारतात याहून चांगली जाहिरात झालेली नाही. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी आधी म्यूटवर पास होणारी दुसरी आणावी.

म्यूटवर नापास होणाऱ्यांत गोरं करणारी क्रीमं पहिली. आवाज चालू असताना त्या आत्मविश्वास, स्वप्नं, यश असं काय काय बोलतात. आवाज काढून घेतला की उरतं ते एवढंच: सावळी मुलगी मान खाली घालून बसलीय, मग तीच मुलगी उजळ झालीय, आणि आता तिच्याकडे सगळे बघतायत. मी सावळी आहे. बारा-तेरा वर्षांची असताना नात्यातल्या एका लग्नात एक बाई माझ्या आईला म्हणाली, "हिला काहीतरी लावत जा." ही अक्कल तिला कुठून आली ते मला खूप नंतर, आवाज बंद केल्यावर दिसलं. २०२० साली अशा एका मोठ्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढला गेला. चांगलं झालं. पण नाव कानाला ऐकू येतं, चित्र डोळ्याला दिसतं, म्हणून नाव बदललेल्या प्रत्येक वस्तूची जाहिरात पुन्हा एकदा म्यूटवर बघा.

याच टप्प्यावर आणखी एक सवय लावून घ्या. मोबाईलवर जाहिरात बघत असाल तर ती थांबवा आणि तळाची बारीक ओळ मोठी करून वाचा. वर चाळीस फुटांची झेप आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'हे काल्पनिक चित्रण आहे'. माझा लहान भाऊ हल्ली ती ओळच आधी वाचतो आणि घरभर ओरडून सांगतो. त्याला ते खजिना सापडल्यासारखं वाटतं, आणि मला त्याचं फार कौतुक आहे.

आता आईची बाजू. टीव्हीकडे पाठ करून बसा, डोळे मिटा, आणि ब्रेकमधल्या प्रत्येक जाहिरातीत काय विकतायत ते शेवटचं नाव येण्याआधी ओळखून दाखवा. जुन्या जाहिराती इथे नव्यांना धूळ चारतात. 'वॉशिंग पावडर निर्मा' घ्या. तिसऱ्याच शब्दाला नाव. पहिल्या दोन शब्दांत वस्तू कळली, तिसऱ्यात कुणाची ते कळलं, आता पुढचं सगळं गाणं तुम्ही निवांत ऐकू शकता. आईनं ते लहानपणी रेडिओवर ऐकलं होतं. त्यातल्या हेमा, रेखा, जया आणि सुषमा या एकाच वाड्यात राहतात आणि एका नळावर धुणं धुतात अशी तिची खात्री होती. सुषमाला नेहमी शेवटचा नंबर लागतो म्हणून तिला वाईटही वाटायचं. करसनभाई पटेलांनी १९६९ साली अहमदाबादेत ही पावडर घरी बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली आणि नाव दिलं ते स्वतःच्या मुलीवरून, निरुपमावरून. दारोदार सायकल फिरवणाऱ्या माणसाला नाव लवकर सांगायची सवय असणारच, असं आईचं म्हणणं आहे. आमच्या गल्लीतला भाजीवालाही आधी 'मेथी' म्हणतो, मग बाकीचं.

कानानं ऐकताना कुठला शब्द ठासून म्हटलाय ते पकडा. 'विको टर्मरिक'च्या गाण्यात 'नहीं कॉस्मेटिक' असं येतं. लहानपणी मला तो नुसता यमकासाठी घातलेला शब्द वाटायचा. पण हा माल आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन यावरून कंपनीचा अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं खटला चालला, कारण दोन्हींवरचा कर वेगळा होता. निकाल औषधाच्या बाजूनं लागला. म्हणजे आपण आंघोळ करताना जे गुणगुणतो त्यात एक अख्खा कोर्टातला मुद्दा आहे! हे कळल्यापासून मी प्रत्येक जिंगलमध्ये 'नाही', 'फक्त', 'आता' हे शब्द शोधते. तिथेच काहीतरी असतं.

आपल्या मराठीतली मला सगळ्यात आवडणारी ओळ म्हणजे 'भिंतीवरी कालनिर्णय असावे'. कालनिर्णय १९७३ साली निघालं, म्हणजे माझ्या आईहूनही मोठं. ही ओळ मोठ्यानं म्हणून बघा. 'भिंतीवर' नाही, 'भिंतीवरी'. 'पाहिजे' नाही, 'असावे'. त्या एका वेलांटीनं कॅलेंडर देवघराच्या शेजारी जाऊन बसतं. आज्जी ती ओळ संध्याकाळच्या श्लोकांच्या चालीत म्हणते, आणि आमच्याकडे ते कॅलेंडर खरोखरच देवांच्या शेजारच्या खिळ्यावर आहे. नव्या जाहिरात लिहिणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे की हिंदीत लिहिलेलं मराठीत उतरवून देऊ नका. 'आता मिळवा अधिक चमक' हे कुठल्याच घरात कुणी कुणाला म्हणत नाही.

गाण्यासाठी वेगळी चाचणी आहे, ती मीच शोधलीय: परात. गाणं आवडलं की पिठाची परात पालथी घाला आणि बोटांनी वाजवत ते म्हणा. शब्द विसरलात तर 'ला ला' चालेल. परातीवर उभं राहिलं तर त्या गाण्याच्या ठेक्यात दम आहे. 'सैराट'मधलं 'झिंगाट' परातीवर इतकं चालतं की आईनं परात काढून घेतली. त्याच सिनेमातलं 'याड लागलं' मात्र परातीवर बसत नाही. त्याला व्हायोलिनंच लागतात. तेव्हा एका चाचणीवर कुठल्याच गाण्याला नापास करू नका, त्याच्यासाठी दुसरी चाचणी घ्या.

ती दुसरी चाचणी अशी. मोबाईल खाली ठेवा, वायरचे इयरफोन लावा आणि गाणं पहिल्या सेकंदापासून ऐका. रीलमध्ये आपल्याला गाण्याचा मधलाच तुकडा मिळतो, तोही कुणीतरी वेग वाढवलेला. माझ्या भावाला 'याड लागलं'ची सुरुवात कशी आहे हेच माहीत नव्हतं. अजय-अतुल यांनी 'सैराट'च्या संगीतासाठी थेट लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं. गोष्ट आमच्या शेजारच्या करमाळ्याकडची, उसाच्या फडातली, आणि तिच्यासाठी तिकडची माणसं व्हायोलिन वाजवतायत, हे आठवलं की मला अजूनही भरून येतं. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून त्यातले खालचे सूर बाहेरच पडत नाहीत. स्टीलच्या पेल्यात फोन ठेवायची युक्ती करू नका. आवाज मोठा होतो, पण व्हायोलिनाचा पत्रा होतो.

कान तयार झाला की तुलना करायला घ्या. 'सैराट' २०१६ चा. २०१८ मध्ये 'धडक' आला तेव्हा गोष्ट उदयपूरला गेली, संगीतकार तेच राहिले, 'झिंगाट'ची चालही तीच, शब्द हिंदी. दोन्ही पाठोपाठ ऐका, एक-एक कान लावून. माझं मत विचाराल तर मराठी गाण्यातला मुलगा घामानं निथळलेला आहे आणि हिंदीतला इस्त्री करून आलाय. चाल तीच असून असं का होतं, ते शोधण्यात आम्ही मैत्रिणींनी एसटीचा एक आख्खा प्रवास घालवला. आमचं उत्तर असं निघालं की मराठी शब्दांत दाणकन आपटणारी, ठसक्यात थांबणारी अक्षरं जास्त आहेत. तुमचं वेगळं निघेल. निघू दे.

सिनेमाला या चाचण्या पहिल्यांदा बघताना लावायच्या नाहीत. पहिल्यांदा सिनेमा नीट बघा, रडा, हसा. दुसऱ्यांदा दहा मिनिटं म्यूट, दहा मिनिटं डोळे मिटून. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' डोळे मिटून अख्खा ऐकता येतो. वसंत सबनीसांनी लिहिलेले ते संवाद आईनं भाकऱ्या करता करताच पाठ केलेत, आणि माझा मामा आजही दार वाजवून आधी धनंजय मान्यांची चौकशी करतो. आई आतून पुढचं वाक्य म्हणते, मगच कडी निघते. उलट टोकाला १९८७ चा 'पुष्पक'. कमल हासनचा हा सिनेमा बोलपट असूनही त्यात कुणी बोलतच नाही. तो मी आज्जीला लावून दिला तेव्हा पहिली दहा मिनिटं ती माझ्याकडे संशयानं बघत होती, मी मुद्दाम आवाज बंद केलाय म्हणून. मग तिला कळलं. "ह्यात समदी माझ्यासारखीच हायत की," म्हणाली आणि शेवटपर्यंत उठली नाही. घरात कमी ऐकू येणारं कुणी असेल तर 'पुष्पक' आजच लावा, बाकीचं नंतर वाचा.

आता शेवटचा धडा, आणि ज्यांनी 'सैराट' अजून बघितला नाही त्यांनी इथेच थांबावं. गेल्या दिवाळीत आम्ही तो घरी सगळे मिळून बघितला. थिएटरला आला तेव्हा पप्पांची कारखान्यावर पाळी होती, आणि आज्जीला एवढ्या पायऱ्या चढवत नव्हत्या, त्यामुळे दोघांचीही ही पहिलीच वेळ. मी आज्जीकडेच बघत होते. आर्चीच्या घरी तिच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन आली. आम्हाला वाटलं होतं आज्जी खूश होईल, लेकीला माहेर परत मिळालं म्हणून. ती पुढे सरकून बसली. त्या माणसांच्या तोंडांकडे बघत होती. आर्ची चहाला लागली तशी आज्जी टीव्हीला म्हणाली, "आगं, च्या ठेवू नगंस गं. नगंस ठेवू."

मग ते लहान पोर घरात येतं, आणि पडद्यावरचा आवाज निघून जातो. पोराचं तोंड रडताना दिसतं, रडणं ऐकू येत नाही. पप्पा उठले, टीव्हीमागे गेले आणि वायर हलवायला लागले.

"बस खाली," आज्जी म्हणाली. "वायर बरी हाय. आवाजच न्हाई त्यात."

तिच्या कानात त्या दिवशी मशीन नव्हतं.