कॅमेऱ्याचे खोटे अलार्म कसे थांबवावेत: आधी झाडू घ्या, मग मोबाइल

रात्रीतून वीस वेळा फोन वाजतो आणि उघडून पाहावं तर अंगणात साधं मांजरही नाही. मग कोणीतरी शहाणा सांगतो, "सेन्सिटिव्हिटी कमी करून टाक ना बाप्पा!" म्हणजे किती बारीक हालचालीवर अलार्म वाजावा, तो ॲपमधला आकडा. मीही एका पावसाळ्यात ते ऐकलं. शंभरपैकी पंधरावर आणली, फोन गप्प झाला, आम्ही निवांत झोपलो. आठवडाभरात एक माणूस कुंपणाच्या कडेनं आला, कोठ्याला टांगलेली विहिरीच्या मोटारीची केबल उतरवली, खांद्यावर टाकली आणि गेला. मेमरी कार्डात सगळं आहे, अलार्म मात्र एकही नाही. त्यानंतर यवतमाळकडच्या आमच्या आसपासच्या गावांत मी बरेच कॅमेरे लावून दिले, आणि सेन्सिटिव्हिटीला हात सगळ्यात शेवटी लावतो.

कॅमेरा भिंतीवर आहे, वायफाय पोचतं, ॲप चालतं, हे धरून पुढे जातो.

जागा: आठ-नऊ फूट उंच, तोंड खाली, चित्रात आभाळ नको, उगवती-मावळतीचं ऊन काचेवर नको. बस.

झोन, म्हणजे चित्रातल्या कोणत्या भागावर नजर ठेवायची ते: साधं मोशन डिटेक्शन (हालचाल ओळखणं) चित्रातले ठिपके बदलले एवढंच पाहतं. त्याच्या लेखी दोरीवरचं लुगडं आणि चोर सारखेच. म्हणून ॲपमध्ये फक्त फाटक, कोठ्याचं दार आणि ओसरीची पायरी एवढंच निवडा. रस्ता, निंबाची फांदी, कपड्यांची दोरी बाहेर ठेवा. माणूस ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा, कुत्री-माकडं बरीच गळतात. पण तिच्यावर विसंबून राहू नका. डोक्यावर तुराट्यांचा भारा घेऊन आमची काकू भरदिवसा कॅमेऱ्यासमोरून गेली, तर त्याला ती माणूस वाटली नाही.

आता रात्र. माझे दोन महिने इथेच गेले.

दिवसा सगळं ठीक, आणि अंधार पडला की पाच-पाच मिनिटांनी अलार्म. क्लिपमध्ये काहीतरी पांढरं, धूसर सर्रकन जाताना दिसायचं. घरच्यांनी त्याला भूतही ठरवून टाकलं. मी कॅमेरा हलवला, झोन बदलले, शेवटी दुसरा कॅमेरा आणला. त्यातही तेच. एका रात्री दोन वाजता शिडी लावली आणि टॉर्च मारला, तर काचेपुढे चार बोटांवर कोळ्याच्या जाळ्याचा एकच धागा, त्यावर पावसाचा थेंब, आणि वाऱ्यानं तो झुलत होता.

कारण सोपं आहे. अंधारात कॅमेरा स्वतःच्या इन्फ्रारेड दिव्यांनी, म्हणजे आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडानं पाहतो, आणि ते दिवे काचेच्या अगदी शेजारी असतात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. माणूस वीस फुटांवर आणि किडा अर्ध्या फुटावर असेल, तर हिशेबानं किड्यावर सोळाशेपट उजेड पडतो. मग मच्छर घारीएवढा दिसला तर नवल काय? पावसाचे थेंब आणि थंडीतलं धुकं यांचीही हीच गत. कोळ्याला तर ती जागा आवडतेच: वर छप्पर, कॅमेऱ्याची ऊब, आणि शेजारच्या बल्बवर येणारे किडे.

पहिलं काम, आठवड्यातून एकदा लांब काठीला मऊ ब्रश बांधून कॅमेरा आणि भोवतीची हातभर भिंत झाडायची. पावसाळ्यात दोनदा. रॉकेल पुसा, फवारणीचं औषध मारा, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका; प्लास्टिक आणि काच धुरकट होते, आणि फवारणीचं औषध घराच्या भिंतीवर मारायची वस्तू नाही. निंबाचं तेल मी लावून पाहिलं. त्यावर धूळ चिकटली, कोळी तिथेच राहिला.

दुसरं काम खरं औषध आहे: उजेड कॅमेऱ्यापासून दूर न्या. बाजारात वेगळा इन्फ्रारेड दिवा मिळतो. तो कॅमेऱ्यापासून पाच-सहा फूट बाजूला, अंगणाकडे तोंड करून लावा आणि ॲपमधून कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे बंद करा. आता उजळले तर दिव्यापुढचे किडे उजळतात, काचेपुढे अंधार. दिवा घेताना ८५० नॅनोमीटरचा (हा उजेडाच्या लहरीच्या लांबीचा आकडा) घ्या. किंचित लाल दिसतो, पण लांब पोचतो. ९४० चा दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी. काही कॅमेऱ्यांत दिवे बंद करायची सोयच नसते. तिथे दिव्यांवर काळी टेप लावा, पण शेजारचा उजेड मोजणारा छोटा सेन्सर झाकू नका, नाहीतर कॅमेरा दिवसाही रात्रच समजेल. वेगळा दिवा परवडत नसेल तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पिवळा एलईडी बल्ब लावा. पांढऱ्यावर किडे जास्त येतात.

कवेलूची कड किंवा भिंत चित्रात अगदी जवळ येत असेल तर तीही काढा. तिच्यावर उजेड आपटतो आणि मागचं अंगण काळं पडतं.

कॅमेरा आणि राउटर छोट्या यूपीएसवर घ्या, नाहीतर लाइन गेली की तेही बंद. यूपीएसवर असले तरी लाइन गेली की अंगणातला बल्ब विझतो, कॅमेरा रात्रीच्या मोडवर जातो, अख्खं चित्र बदलतं आणि अलार्म वाजतो. लाइन आली की पुन्हा तेच. दिवस-रात्र बदलाला उशीर लावायचं सेटिंग असेल तर ते वाढवा.

सोलर-बॅटरीचे कॅमेरे बहुधा अंगाची उष्णता ओळखणाऱ्या पीआयआर सेन्सरवर चालतात. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे पारा ४५ च्या वर, म्हणजे हवाच अंगापेक्षा गरम. तेव्हा तापलेल्या टिनावरची झळ त्याला हलवते आणि माणूस सुटून जातो. उन्हाळ्यातल्या दुपारी त्याच्यावर भरवसा नको. हा सेन्सर सरळ अंगावर येणाऱ्यापेक्षा आडव्या जाणाऱ्याला लवकर पकडतो, म्हणून कॅमेरा फाटकाकडे सरळ न ठेवता वाटेला आडवा ठेवा.

अलार्मची वेळ रात्री अकरा ते पहाटे साडेचार. पाचला दूध काढायला घर उठतंच. रेकॉर्डिंग मात्र चोवीस तास कार्डावर चालू द्या; माझी केबल गेली ती त्यामुळेच निदान दिसली.

आता सेन्सिटिव्हिटी. मधोमध ठेवा. अंधार पडल्यावर घरातल्या कोणाला तरी फाटकापासून कोठ्यापर्यंत चालायला सांगा: एकदा सरळ, एकदा कुंपणाच्या कडेनं वाकून, एकदा घोंगडं पांघरून. पाच-पाचनं कमी करत जा. ज्या आकड्यावर घोंगडंवाला सुटला, त्याच्या दहा वर थांबा.