द्राक्षबागेसाठी मिनी ट्रॅक्टर घेताय? या चुका टाळा

शोरूममध्ये पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एचपीचा?" आणि दुसरा, "शेवटचा भाव बोला." नाशिकच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या बागेसाठी हे दोन्ही प्रश्न मागे ठेवायचे आहेत. आधी ओळ मोजायची, मग ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र) ठरवायचा, आणि त्या दोघांना जो ट्रॅक्टर जमेल तो घ्यायचा. हा क्रम उलटा झाला की गाडी घरी आल्यावर कळतं: वळणावर ताणाच्या तारेत अडकते, भरलेला ब्लोअर उचलला की पुढची चाकं हलकी होतात, नाहीतर ऐन फवारणीत तापमानाच्या काट्याकडे बघत इंजिन थंड होण्याची वाट बघावी लागते.

मोबाइलवरच्या परदेशी व्हिडिओंनी गोंधळात आणखी भर घातली आहे. तिकडचा छोटा ट्रॅक्टर अंगणातला बर्फ ढकलतो, पोटाखालच्या कटरने हिरवळ कापतो, पुढच्या बकेटने माती उचलतो. क्लच-गिअरऐवजी नुसत्या पेडलवर मागे-पुढे पळतो. त्यांचं काम तसं आहे, म्हणून यंत्रही तसं. आपल्याकडच्या मिनी ट्रॅक्टरचं निम्म्याहून जास्त आयुष्य ब्लोअर चालवण्यात जातं. त्यामुळे पुढची बकेट बघून भारावून जाऊ नका; मागची लिफ्ट आणि पीटीओ (औजाराला इंजिनची ताकद देणारा मागचा फिरता शाफ्ट) बघा.

ओळ फक्त जमिनीवर मोजणे

दोन ओळींत ९ फूट अंतर आहे, म्हणून ९ फुटांची वाट मिळत नाही. दोन्ही बाजूंचे बोद (वेलींखालचे मातीचे उंच वरंबे) दीड-दीड फूट आत आले की चाकांना ६ फूट उरतात. वरचा हिशेब त्याहून तंग. वाय पद्धतीच्या बागेत, म्हणजे इंग्रजी Y सारख्या आधारावर वेल चढवलेल्या बागेत, त्या Y च्या दोन हातांच्या टोकांमधलं अंतर ४ फूट असेल, तर शेजारच्या ओळीच्या टोकापर्यंत मोकळे राहतात फक्त ५ फूट. गोडी, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर काडी वाढली, घड लटकायला लागले की त्यातलेही कमी होतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उघड्या बागेत टेप लावली तर कुठलीही गाडी बसेल असं वाटतं. टेप लावायची ती डिसेंबर-जानेवारीत, पान आणि माल दोन्ही असताना.

ट्रॅक्टरची रुंदी मोजतानाही लोक माहितीपत्रकातला आकडा धरतात. तो बहुतेक वेळा चाकांच्या सर्वांत आतल्या सेटिंगचा असतो. टायरच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत आणि मडगार्डपाशी, दोन्हीकडे स्वतः टेप लावा. मागचा ब्लोअर ट्रॅक्टरपेक्षा रुंद असेल, तर खरी रुंदी त्याची. ८ फुटांच्या ओळीत बाहेरून ४ फुटांवरची गाडी घालणं म्हणजे रोज काडी मोडण्याची सोय करणं. ओळ १० फुटांची असेल तर फार डोकं लावायची गरज नाही.

मांडवाची बाग असेल तर उंचीही बघा. तारा ६-७ फुटांवर असतात. सीटवर बसलेल्या माणसाचं डोकं किती वर येतं ते त्याला बसवूनच मोजा. सीटमागची सुरक्षेची कमान दुमडते का, हेही विचारा. वर तोंड असलेला सायलेन्सर मांडवाखाली पानं करपवतो. बागेसाठी बनवलेल्या काही मॉडेलमध्ये तो खाली किंवा बाजूला वळवलेला असतो.

वळण हा विषय सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. शेवटच्या खांबाची ताणाची तार जमिनीत जिथे गाडली आहे, तिथून बांधापर्यंत किती जागा आहे? माहितीपत्रकातली वळणाची त्रिज्या नुसत्या ट्रॅक्टरची असते, बहुधा एका बाजूचा ब्रेक दाबून काढलेली. मागे ओढायचा ब्लोअर जोडला की तिचा उपयोग संपतो. आणि हो, बागेत सुटे ठेवलेले ब्रेकचे दोन पाय रस्त्यावर निघताना खिटीने जोडून घ्या. पिंपळगावच्या रस्त्यावर वेगात असताना एकाच चाकाला ब्रेक लागला, तर गाडी आडवी होते.

ब्लोअर रिकामा बघून ट्रॅक्टर ठरवणे

प्रदर्शनात, मग ते कृषिथॉन असो की तालुक्याचा मेळावा, ब्लोअर रिकामा उभा असतो आणि देखणा दिसतो. त्यात ४०० लिटर पाणी भरा: ४०० किलो पाण्याचे, वर टाकी, पंखा, पंप आणि सांगाड्याचं वजन. या वर्गातल्या बऱ्याच ट्रॅक्टरची लिफ्ट ७५० किलोच्या आसपास असते, आणि तो आकडा असतो खालच्या दोन लिंकच्या टोकापाशी. ब्लोअरचं वजन त्याच्या बरंच मागे असतं. जितकं मागे, तितकी लिफ्टची ताकद कमी भरते आणि पुढची चाकं तितकी हलकी होतात. चढावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ लागली, तर कारण हेच. पुढे वजनाच्या प्लेटा लावाव्या लागतात. त्या किमतीत आहेत की वेगळ्या, हे कोटेशन घेतानाच ठरवून घ्या.

६०० लिटरचा ब्लोअर हवा असेल तर तो चाकांवरचा, ओढायचा घ्या. लिफ्टवर टांगू नका. मात्र त्याला वळायला जास्त जागा लागते, म्हणजे पुन्हा बांधापाशी टेप. अडीच-तीन एकरांच्या, तुकड्या-तुकड्यांच्या बागेला २०० ते ४०० लिटरचा टांगता ब्लोअर मला जास्त शहाणपणाचा वाटतो. दोन-चार वेळा जास्त पाणी भरावं लागेल, पण बोद दाबले जाणार नाहीत.

एचपीचा मोठा आकडा बघून भुलणे

बॉनेटवरचा आकडा इंजिनचा असतो. ब्लोअरचा पंखा आणि पंप फिरतात पीटीओवर, आणि तिथे पोहोचणारी ताकद नेहमीच कमी असते. २४ एचपीच्या दोन ट्रॅक्टरांत पीटीओच्या ताकदीचा चांगला फरक असू शकतो. म्हणून प्रश्न असा विचारा: "भाऊ, पीटीओ एचपी किती, आणि पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे इंजिनच्या किती आरपीएमला मिळतात?" विक्रेता गडबडला तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागा. तिथे ट्रॅक्टरची सरकारी चाचणी होते आणि पीटीओची ताकद, डिझेलचा खप, लिफ्टची क्षमता, सगळं मोजून लिहिलेलं असतं. माहितीपत्रकापेक्षा तो अहवाल वाचणं केव्हाही बरं, जरी तो वाचायला रटाळ असला तरी.

बाजारात साधारण तीन पायऱ्या दिसतात. महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ ही १५ एचपीची, एका सिलिंडरची, दोन चाकांच्या ओढीची यंत्रं. कोळपणी, छोटी ट्रॉली, फवारणीचा एचटीपी पंप यांना ठीक; मोठा ब्लोअर घेऊन चढावर जायला नाहीत. मधे महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटा बी २४४१ यांसारखी २४ एचपीची, चारही चाकांना ओढ असलेली. वर कुबोटा बी २७४१ किंवा जॉन डिअर ३०२८ ईएन, अनुक्रमे २७ आणि २८ एचपी. यातलं कुठलं चांगलं, यावर पारावर तासभर भांडता येईल. तुमच्या गावापासून तासाभराच्या आत कोणाचा मेकॅनिक येतो, या प्रश्नावर ते भांडण मिटवा. ऑक्टोबरच्या पावसात डाऊनी (केवडा) रोगाची फवारणी चार तासांत करायची असते. त्या दिवशी सुटा भाग मुंबईहून यायची वाट बघणं परवडत नाही.

क्लचबद्दलही विचारा. साध्या एकेरी क्लचमध्ये गिअर बदलताना क्लच दाबला की पीटीओही थांबतो, ब्लोअरचा दाब पडतो. डबल क्लच असेल तर गाडी थांबते, पंखा चालू राहतो.

फोर व्हीलचे पैसे वाचवणे

निफाडकडच्या काळ्या जमिनीत चारही चाकांच्या ओढीचा हा पैसा वाचवू नका. रात्री पाऊस, सकाळी फवारणी, आणि ओळीत चिकट चिखल: मागची दोनच चाकं ओढत असतील तर ती जागेवर फिरून खड्डा करतात. चांदवडकडच्या मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत, बाग सपाट असेल आणि ब्लोअर छोटा असेल, तर दोन चाकांवर भागतं. तिथे उरलेले पैसे चांगल्या ब्लोअरला लावा.

फोर व्हील घेतलं की दुसरी चूक तयारच असते: फोर व्हील चालू करायचा दांडा कायमचा ओढून ठेवणं. डांबरी रस्त्यावर पुढची आणि मागची चाकं किंचित वेगळ्या गतीने फिरू पाहतात, आणि तो ताण गिअरवर व पुढच्या टायरवर येतो. नवे पुढचे टायर लवकर झिजले तर आधी हे तपासा.

औजारं आणि अपेक्षा

मिनी ट्रॅक्टरला ५ फुटी रोटाव्हेटर लावून हौस भागते, इंजिन भागत नाही. ३ ते ४ फूट पुरे. पण अट एक: रोटाव्हेटरची रुंदी टायरच्या बाहेरच्या कडांपेक्षा कमी नको, नाहीतर चाकोरी तशीच राहते आणि प्रत्येक फवारणीला आणखी घट्ट होते. रोटाव्हेटर फार खोल घालू नका, बोदाच्या कडेची पांढरी मुळी तुटली की वेल ते लक्षात ठेवतो.

लासलगावकडे कांद्याची नांगरटही याच ट्रॅक्टरने करू, असं म्हणणारे भेटतात. ती मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घ्या. इगतपुरीच्या भातखाचरांचा प्रश्न निराळा, तिथे चिखलणीत अॅक्सलची सीलं टिकतात का हे आधी बघायचं. आणि गंगापूर धरणाकडे २० गुंठ्यांचं फार्महाऊस घेऊन गवतासाठी ट्रॅक्टर शोधणाऱ्यांनी ब्रश कटर आणि पॉवर वीडर घ्यावा, सुखी राहाल.

अनुदानाच्या घाईत चुकीची गाडी

सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केला म्हणजे अनुदान मिळालं असं नाही. निवड होऊन पूर्वसंमतीपत्र हातात येण्याआधी बिल फाडलं, तर त्या बिलावर अनुदान मिळत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठीच्या मिनी ट्रॅक्टर योजनेत ९० टक्के अनुदान आहे, पण ट्रॅक्टर ९ ते १८ एचपीचा लागतो. संधी चांगलीच, फक्त त्या गाडीवर ४०० लिटरचा ब्लोअर टांगायचा बेत करू नका. दरपत्रक जुनं असेल तर तेही तपासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

ट्रायल शोरूममागच्या पटांगणात घेऊ नका. स्वतःच्या बागेत, सगळ्यात अरुंद ओळीत, भरलेल्या ब्लोअरसह घ्या. विक्रेता नाही म्हणाला तर शेजारच्या गावात तेच मॉडेल असलेल्या एखाद्या दादांना विचारा. फवारणीच्या दिवशी ते मागे बसवून दाखवतील.

गाडी घरी आल्यावरच्या तक्रारी

इंजिन तापतं. दहापैकी बहुतेक वेळा पुढच्या जाळीत पानं आणि गंधकाची भुकटी बसलेली असते. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, हवेने आतून बाहेर साफ करा. बाहेरून पाण्याचा जोरदार फवारा मारला की कचरा आत दाबला जातो आणि रेडिएटरचे पत्रे वाकतात. जाळी साफ असूनही काटा चढत असेल तर पंख्याचा पट्टा सैल आहे का बघा, मग पाणी.

लिफ्ट धक्के देत उचलते, किंवा चढावर कण्हल्यासारखा आवाज करते. अनेक मिनी ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. पातळी थोडी कमी असली तरी उतारावर पंप हवा ओढतो. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे, नुसतं वर ओतून भागणार नाही, बदला.

पीटीओला औजार जोडणाऱ्या शाफ्टचा क्रॉस (सांधा) वारंवार तुटतो. रोटाव्हेटर उचलून, पीटीओ चालू ठेवून वळायची सवय असेल तर दुसरं काही शोधू नका. सवय तशी नसेल तर शाफ्टची लांबी तपासा: फार लांब असेल तर औजार उचलताना तो पीटीओच्या बेअरिंगवर दाबतो, फार आखूड असेल तर निसटतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं असेल तर आजच बसवा. उपरणं, साडीचा पदर, सैल शर्ट, शाफ्टला काहीही पुरतं.

वरच्या पानांवर औषध पोहोचत नाही. आधी गाळणी, मग नोझल, मग इंजिनचे फेरे. डिझेल वाचवायला फेरे कमी ठेवून चालवलं की पंख्याची हवा पडते आणि वाचलेल्या डिझेलच्या कितीतरी पट औषध वाया जातं. बोर्डो मिश्रण फवारलं त्या दिवशी संध्याकाळी ट्रॅक्टर धुवा, बॅटरीची टोकं आणि वायरचे सांधे पुसून त्यांना ग्रीस लावा.

थंडीत सकाळी सुरू होत नाही. निफाडला पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा अर्धमेली बॅटरी उघडी पडते. आधी टोकं घट्ट आहेत का ते बघा, मग डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडा. ज्या गाडीला ग्लो प्लग आहे तिथे चावी अर्धी फिरवून दिवा विझेपर्यंत थांबा. त्या इंजिनात लवकर सुरू व्हावं म्हणून इथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो.