आखाड सरताना: फ्रिजमधील कोंबडीचे मांस आणि त्याचे पॅकिंग

आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत कोंबडीला मोठी मागणी असते आणि श्रावण लागताच ती एकदम उतरते. त्यामुळे जे कुक्कुटपालक स्वतः कोंबड्या कापून विकतात, त्यांचा उरलेला माल या दिवसांत नेहमीपेक्षा जास्त काळ फ्रिजमध्ये राहतो, आणि तो कशात बांधला आहे यावर त्याचे टिकणे पुष्कळसे ठरते.

थंडाव्याने जिवाणू मरत नाहीत, केवळ मंदावतात. त्यांतील स्यूडोमोनास गटाचे जिवाणू 4 अंश सेल्सिअसलाही वाढतात. मात्र त्यांना प्राणवायू लागतो. पातळ कॅरीबॅगमधून किंवा ट्रेवर ताणलेल्या फिल्ममधून तो मिळत राहतो. त्यांची संख्या दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 कोटी झाली की वास येऊ लागतो आणि 10 कोटींच्या आसपास मांस बुळबुळीत होते. म्हणजे वास येईपर्यंत बिघाड बराच पुढे गेलेला असतो. अशा पॅकिंगमधील मांस दोन दिवसांत विकावे, अन्यथा ताजे असतानाच उणे 18 अंशांवर गोठवावे.

पिशवीतील हवा काढून केलेल्या व्हॅक्यूम पॅकिंगमध्ये स्यूडोमोनास मागे पडतात, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि मांस अधिक दिवस टिकते. यासाठी साधी पॉलिथिन पिशवी चालत नाही. नायलॉनचा थर असलेली पिशवी घ्यावी आणि हाडाच्या टोकाने तिला भोक पडले नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. तंगडी आणि छातीचे मांस वेगळे पॅक करावे, असा आमचा आग्रह आहे. छातीच्या मांसाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारणपणे 6 च्या खाली, तर तंगडीचा 6 च्या वर असतो. त्यामुळे शेवानेलासारखे जिवाणू हवेविनाही तंगडीत वाढतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. पॅक करण्यापूर्वी मांस पूर्ण थंड करून त्यातील पाणी निथळू द्यावे.

व्हॅक्यूम पॅकिंग थंडाव्याची जागा घेऊ शकत नाही, हे मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष तयार करणाऱ्या जिवाणूंना हवा नसलेली जागाच मानवते, आणि त्यांचे काही प्रकार 3 अंशांच्या थोडे वरही वाढू शकतात. तेव्हा मांसाला वास नाही म्हणून ते सुरक्षित मानू नये. पावसात वीज गेल्यास फ्रिज उघडू नये, आणि ती चार तासांहून अधिक काळ गेली असेल तर आतले न गोठवलेले मांस विक्रीला ठेवू नये.