पोस्ट रद्द झाली, ग्रॅच्युइटी अडकली, शेवटी अशी मिळाली

२०२३ मध्ये पुण्यातल्या कंपनीने माझी पोस्टच रद्द केली, ग्रॅच्युइटीचं (सेवेच्या वर्षांवर कंपनीकडून मिळणारी रक्कम) विचारलं की एचआरचं एकच, 'प्रोसेसमध्ये आहे'. मेल, फोन, चकरा, डोकं उठलं. मग आधी कंपनीला फॉर्म आय (ग्रॅच्युइटी मागायचा अर्ज) स्पीड पोस्टाने पाठवला, पावती जपली. ३० दिवसांत पैसे नाहीत म्हटल्यावर कंट्रोलिंग अथॉरिटीकडे (ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणारं सरकारी प्राधिकरण) फॉर्म एन, म्हणजे दाव्याचा अर्ज, दिला (९० दिवसांच्या आत), सोबत नेमणूकपत्र, टर्मिनेशन लेटर, शेवटची पगार स्लिप आणि हिशोब: (बेसिक अधिक डीए, म्हणजे महागाई भत्ता) भागिले २६ गुणिले १५ गुणिले सेवेची वर्षं, वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरतात. तिथून कंपनीला नोटीस गेली तसे पैसे आले, वर १० टक्के साधं व्याज. नोव्हेंबर २०२५ पासून नवा कोड (सामाजिक सुरक्षा संहिता) लागू झालाय, त्यामुळे फॉर्म तिथेच विचारून घ्या.