खाणीआधी भूजलाचा अभ्यास करताय? या चुका टाळा

चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणींचे भूजल अहवाल तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. चुका त्याच त्या. वाईट याचं वाटतं की खाणीआधीची पाणीपातळी एकदाच मोजता येते. उपसा सुरू झाला की ती गेली. मग शेतकरी म्हणतो विहीर तुमच्यामुळे आटली, खाणवाले म्हणतात ती आधीपासूनच कोरडी होती, आणि खरं काय ते सांगणारा कागद कुणाकडेच नसतो.

पंपिंग टेस्टचं पाणी तिथंच सोडणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त भांडलोय. पंपिंग टेस्ट म्हणजे बोअरमधून सतत पाणी उपसून पातळी किती नि कशी उतरते ते मोजणं; खाणीचा परिणाम किती लांब जाईल ते त्यावरून काढतात. पण करतात काय, तर पाणी उपसायचं आणि वीस-पंचवीस मीटरवरच्या नाल्यात सोडून द्यायचं. उन्हाळ्यात नाला कोरडा, तळाला वाळू, खाली कामठी थरांचा वालुकाश्म, म्हणजे पाणी मुरू देणारा वाळूचा खडक. सोडलेलं पाणी मुरून पुन्हा त्याच जलधरात (पाणी धरणाऱ्या थरात) येतं आणि आपण तेच पाणी फिरवत बसतो.

वर्धा नदीजवळच्या एका खुल्या खाणीच्या अहवालात लिहिलं होतं की नवव्या तासाला पातळी स्थिर झाली, म्हणून टेस्ट थांबवली. त्यावरून निष्कर्ष काढला होता की खाणीचा परिणाम चारशे मीटरपलीकडे जाणार नाही. गाव होतं सव्वा किलोमीटरवर. खाण खोल गेली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरींचा तळ दिसला. मला बोलावलं ते भांडण पेटल्यावर. जुन्या टेस्टची जागा दाखवायला एक म्हातारे शेतकरी सोबत आले. नाल्याच्या वाळूत काठी रोवून म्हणाले, "पाणी तं इथंच जिरत होतं न साहेब. आमी तवाच म्हटलं होतं." त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं.

न खोदलेल्या भागात आम्ही टेस्ट पुन्हा घेतली. खाणीचा उपसा चालूच होता, म्हणून आधी आठवडाभर नुसती पातळीची रोजची घसरण मोजली आणि ती हिशेबातून वजा केली. पाइप टाकून पाणी सहाशे मीटर लांब सोडलं. बहात्तराव्या तासालाही पातळी उतरतच होती. गावाला टँकर सुरू झाले, पण आधीच्या पातळ्यांची नोंद नसल्यामुळे भरपाईचा वाद वर्षभर रेंगाळला.

पाणी लांब सोडलं असतं तरी नऊ तासांवर थांबणं चुकीचंच होतं. उघड्या जलधरात, म्हणजे ज्याच्यावर पाणी अडवणारा थर नसतो तिथं, पातळी आधी झपाट्याने उतरते. मग वरच्या थरात अडकलेलं पाणी सावकाश निथळून खाली येतं, तेव्हा आलेख काही तास सपाट होतो आणि त्यानंतर पुन्हा उतरू लागतो. घाईतला माणूस ती सपाटी पाहून सामान गोळा करतो. मी अशा जागी ७२ तासांखाली टेस्ट घेत नाही. पंप बंद केल्यावर पातळी वर येतानाही मोजतो, कारण तेव्हा पंपाच्या कमी-जास्त उपशाचा गोंधळ नसतो. दुसरा जनरेटर सोबत असतोच. आणि रात्रीची रीडिंग रात्रीच घ्या. सकाळी अंदाजाने भरलेले आकडे आलेखावर लगेच ओळखू येतात.

एका ऋतूवर भागवणं

मे महिन्यात एक चक्कर मारून अहवाल लिहू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्वतःच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. खाणीसाठी मी किमान वर्षभर दर महिन्याला मोजतो.

तोंडीची उंची विसरणं

एका विहिरीला तोंडी (वर बांधलेला कठडा) आहे, दुसरीला नाही. कुठून मोजलं ते लिहा, तिथं रंगाने खूण करा. पातळी समुद्रसपाटीच्या हिशेबात आणल्याशिवाय नकाशा काढू नका.

शेतकऱ्यांच्या विहिरी मोजून कोळशाखालच्या पाण्याबद्दल बोलणं

गावातली विहीर दहा-पंधरा मीटर खोल असते. कोळसा कितीतरी खाली, बराकार नावाच्या खडकथरांत. त्या कोळशाच्या खालीही वालुकाश्म असतो आणि त्यातलं पाणी दाबाखाली असतं. वरच्या विहिरीची पातळी या दाबाबद्दल काहीच सांगत नाही. खाण खोल जाते तसं वरचं वजन कमी होतं, खालचा दाब मात्र तसाच राहतो. खडक पाण्याच्या साधारण सव्वादोन पट जड धरा. खालच्या थराच्या माथ्यावर ४० मीटर उंच पाण्याइतका दाब असेल, तर त्याला नुसतं तोलून धरायलाच खाणीच्या तळाखाली सुमारे १८ मीटर खडक लागतो. तुम्ही दहाच मीटर ठेवलात तर तळ फुगतो, भेगा पडतात आणि जिथं माणसं-यंत्रं काम करतात तिथं पाणी उसळतं. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांचा आहे. त्यासाठी लागणारा आकडा मात्र त्या थरात बसवलेल्या पिझोमीटरमधूनच (पाण्याचा दाब मोजायच्या नळीतूनच) मिळतो. पैसे वाचवायला एकाच भोकात दोन थर उघडे ठेवतात, तेव्हा मिळणारी पातळी ना वरची असते ना खालची. एका भोकात एकच थर, वरून बेंटोनाइटची (पाण्यात फुगणाऱ्या मातीची) सील. यात मी तडजोड करत नाही.

कोळसा शोधायला पाडलेली बोअरंही तशीच सोडू नका. त्यांच्यातून वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत मिसळत राहतं. तळापासून वर सिमेंट-बेंटोनाइट भरत या.

पाण्याची तपासणी नंतर करू म्हणणं

चंद्रपूर जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी भूजलात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. आधीचे नमुने नसतील तर पुढे तेही खाणीच्या माथी येईल. उलट खाणीने खरंच पाणी बिघडवलं, तर गावाला ते सिद्ध करता येणार नाही.

मॉडेलवर विसंबणं

भूजल कसं वागेल याचं संगणकावर मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर नवीन मुलांना फार आवडतं. दोन बोअरच्या माहितीवर रंगीत नकाशा बनतो आणि तो खरा वाटू लागतो. मी त्यांना आधी नाला पायी फिरायला लावतो.

जुनं खाणकाम नकाशात शोधून थांबणं

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या खाणकामात साठलेलं पाणी फुटून आत आलं आणि ३७५ कामगार गेले. पाणी साठलेल्या जुन्या खाणकामाच्या ६० मीटरच्या आत जायला परवानगी लागते. पण ते खाणकाम नेमकं कुठवर गेलंय हे जुना नकाशा अचूक सांगेलच असं नाही. वरोऱ्यात तर एकोणिसाव्या शतकापासून कोळसा निघत होता. मी नकाशा घेऊन गावातल्या निवृत्त कामगारांकडे जातो. जमीन कुठं खचली, कोणत्या शेतात बैल अडकला होता, जुना चानक (खाणीत उतरायचा उभा खड्डा) कुठं बुजवला, हे त्यांना माहीत असतं. त्यांनी दाखवलेल्या जागा मी नकाशावर लाल पेन्सिलने भरतो आणि पहिली तपासणी-बोअर तिथंच टाकायला सांगतो.