ड्राफ्टआधी तरुण बचावपटू कसा पारखावा

आइस हॉकीतला बचावपटू निकलस लिडस्ट्रॉम याला डेट्रॉइट संघानं 1989 च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये (उत्तर अमेरिकेतल्या या लीगचे संघ त्यात आळीपाळीनं तरुण खेळाडू निवडतात) तिसऱ्या फेरीत, 53 व्या क्रमांकावर घेतलं. पुढे त्यानं सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी 7 वेळा जिंकली. 2021 ची नॉरिस जिंकणारा अ‍ॅडम फॉक्स 2016 साली 66 वा निवडला गेला होता. कॅरोलायना संघाच्या बचावाचा कणा असलेला जॅकब स्लेव्हिन 2012 मध्ये 120 वा होता. सतरा-अठरा वर्षांचा बचावपटू ओळखणं असं अवघड असतं, कारण त्याच्या कामाचा मोठा भाग आकडेवारीत येतच नाही. त्याच्यामुळे समोरच्या फॉरवर्डनं, म्हणजे आक्रमक खेळाडूनं, पक (खेळातली रबरी चकती) घेऊन आत यायचा बेत सोडला आणि तो लांबूनच आत ढकलला, तर त्याचं श्रेय कुठल्या रकान्यात लिहिणार? ते तुम्हाला डोळ्यांनीच टिपावं लागतं.

आधी जन्मतारीख पाहा

ड्राफ्टच्या वर्षी 15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण करणारा मुलगा पात्र ठरतो. 2025 मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सनं पहिल्याच क्रमांकावर घेतलेला बचावपटू मॅथ्यू शेफर 5 सप्टेंबर 2007 चा. आणखी 11 दिवस उशिरा जन्मला असता तर तो 2026 च्या ड्राफ्टमध्ये गेला असता. या वयात वर्षभरानं अंगात बळ येतं, पायात वेग येतो. त्यामुळे दोन मुलांचे गुण (गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलला लावलेला हातभार) शेजारी मांडताना त्यांच्या वयातलं अंतर महिन्यांत लिहून ठेवा. शेफर कॉलरबोन मोडल्यामुळे त्या हंगामात ईरी ऑटर्स या ज्युनियर संघाकडून जेमतेम 17 सामने खेळला, तरी निवड बदलली नाही. ज्यांनी त्याला नीट पाहिलं होतं त्यांना तेवढं पुरलं.

सामन्यात पक सोडा, मुलगा धरा

रिंकमध्ये (बर्फाच्या मैदानात) वरच्या रांगेत, शक्यतो गोलच्या मागच्या बाजूला बसा. तिथून पासच्या वाटा दिसतात. टीव्हीचा कॅमेरा पकमागे धावतो, त्यामुळे पकपासून दूर असताना मुलगा काय करतो हे पडद्यावर सुटून जातं. व्हिडिओ नंतर एखादा प्रसंग पुन्हा पाहायला उत्तम. पहिली ओळख मात्र प्रत्यक्ष सामन्यातच व्हावी. सामन्याआधीची सराव-फेरी चुकवू नका. तो मागे स्केटिंग करताना दोन्ही बाजूंना सारख्याच सहजतेनं वळतो का? अनेकांची एक बाजू कच्ची असते, आणि चांगले फॉरवर्ड नेमकी तीच हेरतात.

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या: पक परत मिळवणं

माझ्या मते बचावपटूची खरी परीक्षा स्वतःच्या गोलमागे होते. विरोधी संघानं पक कोपऱ्यात टाकला आहे, मुलगा पाठमोरा धावतोय आणि मागून फॉरवर्ड येतोय. अशा वेळी तीन गोष्टी पाहा. पकपर्यंत पोचण्याआधी त्यानं खांद्यावरून मागे पाहिलं का, आणि किती वेळा? पायाची चाल मंदावली की पक हाती येईपर्यंत तशीच राहिली? आणि पक मिळताच पुढचा पास त्याच्या डोक्यात आधीच ठरलेला होता का?

वहीत तीन रकाने करा: सहकाऱ्याच्या स्टिकवर गेलेला नेमका पास, काचेवरून नुसताच बाहेर भिरकावलेला पक, आणि गमावलेला पक. प्रत्येक वेळी एक रेघ मारा. बाजूला एवढंच लिहा की दाब किती होता. मोकळ्या जागेत नेमका पास कुणीही देतो; अंगावर माणूस असताना देणारे थोडे. चार-पाच सामन्यांच्या रेघा एकत्र केल्या की त्या मुलाबद्दल गोल आणि असिस्टपेक्षा जास्त कळतं. ही नोंद कंटाळवाणी वाटेल, पण तीच सोडू नका.

निळ्या रेषेवर

फॉरवर्ड पक घेऊन येतो तेव्हा बचावपटू त्याच्यात आणि स्वतःमध्ये किती अंतर ठेवतो, याला गॅप म्हणतात. निळ्या रेषेपाशी, म्हणजे बचावाचा भाग सुरू होतो तिथे, ते साधारण एका स्टिकच्या लांबीवर आलेलं असावं. कबड्डीतला चांगला कोपरारक्षक चढाईपटूला जसा ना फार जवळ येऊ देतो, ना फार मोकळीक देतो, तसंच हे. जो मागेमागे सरकत थेट गोलकीपरपर्यंत जातो, त्याला स्वतःच्या स्केटिंगची खात्री नसते. किती वेळा त्याच्या बाजूनं पक नियंत्रणात आत आला आणि किती वेळा अडला, तेही मोजा.

स्वीडनमधला किंवा स्वित्झर्लंडमधला मुलगा पाहत असाल तर रिंकचं माप विचारात घ्या. एनएचएलची रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असते. युरोपातल्या बऱ्याच रिंक याहून रुंद. तिथे विचाराला मिळणारा जादा क्षण अमेरिकेत मिळणार नाही.

उंची, गुण आणि कसोट्या

उंची लिहा, पण तिच्यावर निकाल देऊ नका. अंगकाठीनं लहान असलेला लेन हटसन 2022 मध्ये 62 वा गेला आणि 2025 मध्ये सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी घेऊन आला. गुण पाहताना पॉवरप्लेवरचे (विरोधी खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) वेगळे काढा; बाकी उरतात ते पाहा. उजव्या हातानं खेळणारे बचावपटू कमी असतात, म्हणून त्यांना मागणी जास्त. ती किंमत मोजायची की नाही हे संघाची गरज ठरवते. ड्राफ्टआधीच्या शारीरिक कसोट्यांचं म्हणाल, तर 2014 मध्ये सॅम बेनेटला एकही पुल-अप जमला नव्हता. तरी तो चौथा निवडला गेला आणि 2025 च्या स्टॅनले कप प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

कोणते सामने निवडावेत

एक घरचा, एक बाहेरचा, आणि एक असा, की आदल्या रात्रीही तो संघ खेळलेला असेल. थकल्यावर पाय सरळ होतात, स्टिक हवेत जाते, मागे पाहणं थांबतं. तिसऱ्या सत्रात एका गोलनं पुढे असताना प्रशिक्षक त्याला बर्फावर पाठवतो की बाकावर ठेवतो, हे जरूर टिपा. रोज त्याला पाहणाऱ्या माणसाचं मत त्यातून कळतं. चूक झाल्यावरची पुढची शिफ्ट (बर्फावरची पाळी) मी कधी चुकवत नाही. गोल खाल्ल्यावर लगेच पुन्हा पक मागणारा मुलगा मला फार आवडतो.

कॅनडाच्या ज्युनियर लीगमधली बरीच मुलं घरापासून दूर, यजमान कुटुंबाकडे राहतात. प्रशिक्षकाबरोबर त्या कुटुंबाशीही बोला: झोप, अभ्यास, हरल्यावरचं वागणं.

अहवाल

‘चांगला’, ‘हुशार’ असे शब्द टाळा. त्याऐवजी लिहा: ‘दुसरं सत्र, डावा कोपरा, दाब टाकायला आलेले दोन फॉरवर्ड अंगावर, दोनदा मागे पाहिलं, मधल्या सहकाऱ्याला नेमका पास.’ स्केटिंग, समज, पकवरचा ताबा, बचाव आणि झुंज यांवर वेगवेगळं मत द्या. तो आज कसा आहे ते एका परिच्छेदात आणि चार वर्षांनी बचावपटूंच्या कुठल्या जोडीत खेळेल ते दुसऱ्या परिच्छेदात, सरमिसळ न करता. शेवटी तुमच्या यादीत त्याच्या लगेच वर आणि लगेच खाली कोण आहे ते नावानिशी लिहा आणि कारण एका वाक्यात द्या. कारण सुचत नसेल, तर त्या दोघांचा आणखी एक सामना पाहायचा राहिला आहे.